गलक्यावर लागलेला निकाल

रॅप बॅटल म्हणजे दोन रॅपर्सची समोरासमोरची शब्दांची लढत. तिचा निकाल लावायची जुनी पद्धत सोपी आहे. निवेदक एकेका पोराचा हात वर करतो आणि विचारतो, ‘याच्यासाठी आवाज किती?’ ज्याच्या नावानं गलका मोठा, तो जिंकला. सगळ्यांचं मत घेतलं असं यात वाटतं खरं, पण आपला कान ज्या रीतीनं आवाज मोजतो ती पाहिली, तर ही पद्धत दुबळ्यावर अन्याय करणारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

ओरडणारी माणसं १०० ची २०० झाली, तरी आवाजाची पातळी ३ डेसिबलनंच वाढते. एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट झाला असं वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट माणसं. अंतराचा हिशेब मात्र कडक असतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं घटतो. म्हणून स्टेजपासून १० मीटरवर उभी असलेली ४० पोरं आणि २० मीटरवर बसलेली १६० माणसं स्टेजवर सारखीच ऐकू येतात. पुढची जागा ज्यानं धरली, त्याच्या एका मताची चार मतं होतात.

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या एका गावात मी हे डोळ्यांदेखत पाहिलं. दंडार हे लोकनाट्य सुरू व्हायच्या आधी दोन पोरांची बॅटल लावली होती. एक गावातलाच, दुसरा वडस्याकडून आलेला. गावच्या पोराचे दोस्त साऊंड बॉक्सला खेटून उभे. त्यानं सुरुवात केली:

तुह्या शब्दात दम नाही, पोचट जशी लोंबी,
माह्या एका ओळीनं होते तुही बोंबाबोंबी!

पुढं नुसता कल्ला. मग पाहुण्यानं जागच्या जागी लोंबीच उचलली:

पोचट लोंबी ताठ ऱ्हायते, भरली तेच वाकते,
पाह्य माही मान झुकली, आतून ओळ पिकते!

धान पिकवणाऱ्या गावात याहून नेमका जवाब कोणता असेल? मागं सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली, काहींनी टाळ्याही वाजवल्या. पण त्या टाळ्या स्टेजपर्यंत पोचल्या नाहीत आणि पुढची पोरं गप्प राहिली. तिथून पाहुण्याचा सूर ढासळत गेला. तिसऱ्या फेरीत तो शब्द विसरला. लोक म्हणाले, ‘एकतर्फी झाली बे!’

माझ्या मते ती सुरुवातीला एकतर्फी नव्हती. गर्दीनं ती तशी केली आणि ती कशी केली हे सांगता येतं. बीट मिनिटाला ९० ठोक्यांची असेल, तर चार ठोक्यांचं एक आवर्तन पावणेतीन सेकंदांच्या आतच संपतं. ओळीवर कल्ला झाला की रॅपर थांबतो. दोन आवर्तनं तशीच जाऊ देतो, दम घेतो, पुढचं यमक जुळवतो. हा पाच-सहा सेकंदांचा वेळ त्याला गर्दी देते. ज्याच्या ओळीवर शांतता पसरते, त्याला पुढची ओळ लगेच म्हणावी लागते.

त्यातून डोक्यात काय होतं? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेत १२ रॅपर्सना एमआरआय यंत्रात झोपवून उत्स्फूर्त रॅप करायला लावलं होतं. पाठ केलेलं म्हणताना आणि तिथल्या तिथं सुचलेलं म्हणताना मेंदू वेगळा चालतो असं दिसलं. उत्स्फूर्त रॅपमध्ये मेंदूच्या पुढच्या भागातलं, स्वतःवर पहारा ठेवणारं क्षेत्र शांत होतं. ‘आपलं चुकतंय का’ ही धास्ती बसली की तो पहारा पुन्हा जागा होत असणार, असं मी त्यावरून समजतो.

बघे असले की काय घडतं हेही मोजलेलं आहे. १९८२ साली पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या एका हॉलमध्ये चार संशोधक खेळणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० वर गेले, कच्च्यांचे ३६ वरून २५ वर घसरले. ते तर गप्प बघणारे होते. बॅटलची गर्दी ओरडते, तीही एकाच बाजूनं.

टाळ्याही कौतुकापोटीच वाजतात असं नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांचं चित्रण केलं. शेजारी काय करतो यापेक्षा, एकूण किती जण वाजवताहेत याच्या आवाजावरून माणूस टाळी सुरू करतो, असं त्यांना आढळलं. पहिली दहा पोरं कुणाची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. पंचसुद्धा यातून सुटत नाही. २००२ च्या एका प्रयोगात ४० फुटबॉल पंचांना सामन्याची चित्रफीत दाखवली. गर्दीचा आवाज ऐकणाऱ्यांनी, आवाजाविना पाहणाऱ्यांपेक्षा, यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले.

तरी गर्दी फिरते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९८१ साली बिझी बी या लोकांना नाचवण्यात पटाईत रॅपरला कूल मो डीनं भर सभेत ओळीमागून ओळ घालून गारद केलं. ती लढतही एकतर्फीच होती, पण शब्दांच्या बळावर झालेली. तिची कॅसेट हातोहात फिरली.

आपल्याकडच्या दुय्यम या शाहिरी सामन्यात कलगी आणि तुरा या दोन परंपरांचे शाहीर तासन्‌तास समोरासमोर गातात. सवाल पडतो, जवाब येतो, पुन्हा सवाल. एखादा जवाब फसला तरी सावरायला वेळ असतो. सगळी झाडी, म्हणजे पूर्व विदर्भाचा हा पट्टा, त्या रिवाजावर वाढली आहे. मिनिटभराच्या तीन फेऱ्यांत तो वेळ मिळत नाही, पहिल्याच कल्ल्यानं तोल जातो.

म्हणून मंडईच्या आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. फेऱ्या तीनऐवजी सहा ठेवा आणि सुरुवात आलटून पालटून द्या. परीक्षक असतील तर त्यांना स्टेजवरून उठवून गर्दीच्या मधोमध बसवा. पहिल्या रांगा दोन्हीकडच्या पोरांना सारख्या वाटून द्या. निकाल आवाजावर न लावता वर आलेले हात मोजून लावा, म्हणजे सतरंजीवरच्या म्हाताऱ्याचं मत साऊंड बॉक्सजवळच्या पोराच्या मताएवढंच भरेल.