वजन उचललं की बाईचे दंड पैलवानासारखे होतात? नाही!

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या जिममध्ये बायका ट्रेडमिलवर दिसतात, डंबेलकडे मात्र फारशा फिरकत नाहीत. "अगं, दंड पैलवानासारखे होतील," असं सासूपासून मैत्रिणीपर्यंत सगळ्या सांगतात. हे खरं नाही.

स्नायू भरण्यात टेस्टोस्टेरॉन या हार्मोनचा मोठा वाटा असतो, आणि बाईच्या रक्तात ते पुरुषापेक्षा साधारण १० ते २० पटींनी कमी असतं. पिळदार शरीराच्या महिला शरीरसौष्ठवपटू त्यासाठी वर्षानुवर्षं ठरवून खातात, घाम गाळतात. काही जणी औषधंही घेतात. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट मारून तसं शरीर चुकून होत नाही.

मग भीती येते कुठून? सुरुवातीच्या आठवड्यांत ताण पडलेल्या स्नायूंत पाणी साठतं. अंग जड वाटतं, काटा किलोभर वर सरकतो, आणि नेमकं तेव्हाच बायका व्यायाम सोडतात. थोडं थांबा, ही सूज उतरते.

वेटलिफ्टर मीराबाई चानूनं २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो गटात एका उचलीत ११५ किलो पेललं. तिचं शरीर बघा.

आपल्याकडे दिवसभर मांडी घालून बिड्या वळणाऱ्या मावश्यांना तर या व्यायामाची जास्त गरज आहे. पाळी गेल्यावर हाडं झिजतात, वजनाचा व्यायाम ती झीज कमी करतो. जिमची फी परवडत नसेल तर पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घ्या. त्या हलक्या वाटू लागल्या की वजन वाढवा.