एकात्मिक मंडलांच्या अभिकल्पातील शोध

ट्रान्झिस्टर, डायोड, रोधक, धारित्र आणि त्यांना जोडणारे मार्ग अर्धवाहकाच्या एकाच तुकड्यावर घडवले, की त्यास एकात्मिक मंडल, आयसी किंवा चिप म्हणतात. या मंडलाची मूळ कल्पना, ते प्रत्यक्षात आणणाऱ्या युक्त्या आणि ते आखण्याच्या पद्धती यांतील प्रमुख शोधांचा येथे विचार केला आहे.

मूळ शोधाचे श्रेय एका व्यक्तीला देणे कठीण आहे. सोडवायचे प्रश्न तीन होते : सर्व घटक एकाच पदार्थातून घडवणे, ते एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवणे आणि मग हवे तेवढेच परस्परांना जोडणे. कल्पना बरीच आधीची आहे. सीमेन्स कंपनीतील वेर्नर याकोबी यांच्या १९४९ च्या पेटंट अर्जात सामाईक पायावर पाच ट्रान्झिस्टर असलेला वर्धक (संकेत मोठा करणारे मंडल) आढळतो. ब्रिटनमधील जेफ्री डमर यांनी मे १९५२ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत, जोडतारांविना एकसंध ठोकळ्याच्या रूपातील इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे भाकीत केले. या दोन्ही प्रस्तावांतून विक्रीयोग्य मंडल मात्र निर्माण झाले नाही.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जॅक किल्बी यांनी १२ सप्टेंबर १९५८ रोजी जर्मेनियम या अर्धवाहकाच्या लहानशा पट्टीवरील दोलक (आवर्ती संकेत निर्माण करणारे मंडल) चालवून दाखवला. पहिला प्रश्न येथे सुटला. तिसरा सुटला नव्हता, कारण घटक सोन्याच्या बारीक तारांनी हाताने जोडलेले होते. फेअरचाइल्ड कंपनीतील झां होर्नी यांच्या समतल प्रक्रियेत सिलिकॉनवरील ऑक्साइडचा थर खरवडून न टाकता संधींचे (दोन प्रकारचे अर्धवाहक जेथे भिडतात त्या सीमांचे) रक्षण करण्यासाठी तसाच ठेवला जाई. ऑक्साइडचा मुखवट्यासारखा, म्हणजे झाकलेल्या भागात अशुद्धी शिरू न देण्यासाठी, उपयोग होतो, हे बेल प्रयोगशाळेतील कार्ल फ्रॉश आणि लिंकन डेरिक यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास दाखवले होते. होर्नी यांच्या थरावरून अॅल्युमिनियमचे मार्ग नेता येतील, हे त्यांचे सहकारी रॉबर्ट नॉइस यांनी जानेवारी १९५९ मध्ये टिपून ठेवले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्प्रेग इलेक्ट्रिकमधील कुर्ट लेहोवेक यांनी दिले : उलट दिशेने विद्युत दाब दिलेल्या पी-एन संधीतून (पी आणि एन या दोन प्रकारच्या अर्धवाहकांच्या सीमेतून) प्रवाह जवळजवळ वाहत नाही, म्हणून अशा संधीच शेजारच्या घटकांमधील भिंती होऊ शकतात. नॉइस यांच्या आराखड्यातील पहिले समतल मंडल १९६० मध्ये जे लास्ट यांच्या गटाने घडवले.

किल्बी यांचा पेटंट अर्ज ६ फेब्रुवारी १९५९ चा, तर नॉइस यांचा ३० जुलै १९५९ चा. पेटंट मात्र नॉइस यांना आधी, एप्रिल १९६१ मध्ये मिळाले. किल्बी यांच्या आकृतीत हवेतून जाणाऱ्या तारा होत्या. निरोधक थरावर सोने ‘घालता’ येईल, असे एक वाक्य मजकुरात होते. त्यावरून थराला घट्ट चिकटलेले मार्ग सूचित होतात का, या मुद्द्यावर दोन्ही पक्षांतील पेटंटचा वाद केंद्रित झाला. १९६७ मध्ये पेटंट मंडळाने किल्बी यांच्या, तर १९६९ मध्ये अपील न्यायालयाने नॉइस यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दोन्ही कंपन्यांनी १९६६ मध्येच परस्पर परवान्यांचा समझोता केल्याने उद्योगावर निकालाचा फारसा परिणाम झाला नाही. किल्बी यांना २००० मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. नॉइस १९९० मध्येच निवर्तले होते. किल्बी आणि नॉइस हे दोन स्वतंत्र संशोधक, हे मत रूढ आहे. तथापि होर्नी आणि लेहोवेक यांना वगळून वरील तीन प्रश्नांचा उलगडा होत नाही. त्यामुळे चौघांचा एकत्र विचार करणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

मंडल चिपवर आल्यावर अभिकल्पाचे अर्थकारणच उलटले. सुट्या घटकांत ट्रान्झिस्टर महाग आणि रोधक स्वस्त असे. चिपवर मोठा रोधक जास्त जागा खातो. शिवाय रोधकाचे मूल्य अचूक साधत नाही, पण शेजारच्या दोन घटकांचे गुणोत्तर उत्तम जुळते. या जुळणीचा पुरेपूर लाभ मंडलांचे अभिकल्पक बॉब विडलर यांनी घेतला. लहान प्रवाह मोठ्या रोधकाविना मिळवणारा त्यांचा प्रवाहस्रोत आणि १९६५ चा ७०९ हा क्रियात्मक वर्धक (दोन दाबांतील फरक अनेक पटींनी वाढवणारी चिप) ही त्याची उदाहरणे. त्यांच्या नावाशी जोडलेला पट्ट-अंतर संदर्भदाब, म्हणजे इतर मंडलांना तुलनेसाठी लागणारा स्थिर विद्युत दाब, हाही याच विचाराचा. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. वेगळ्या प्रवाह-घनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या दाबांतील फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. तो योग्य पटीने वाढवून पहिल्या दाबात मिळवला, की सुमारे १.२ व्होल्टचा, तापमानाने फारसा न ढळणारा दाब मिळतो. हे तत्त्व डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये मांडले होते. सुमारे १९७० नंतर ते व्यवहार्य चिपमध्ये उतरवण्याचे श्रेय विडलर यांचे.

अंकीय मंडलांत फ्रँक वॉनलास यांनी १९६३ मध्ये चिह-तांग साह यांच्यासह मांडलेली सीमॉस रचना निर्णायक ठरली. तिच्यातील दोन पूरक ट्रान्झिस्टरांपैकी स्थिर अवस्थेत एक नेहमी बंद असल्याने गळती सोडता शक्ती खर्च होत नाही. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र यांच्या स्मृतिपेशीचे पेटंट रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले.

घटकांची संख्या वाढली तशी आखणीची साधनेही शोधावी लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लॉरेन्स नेगल यांनी घडवलेला स्पाइस हा, मंडलाचे वर्तन संगणकावर आधीच पडताळणारा अनुकरण-प्रोग्रॅम १९७३ मध्ये सादर झाला. कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी मापनीय रचना-नियम (सर्व मापे एका बदलता येणाऱ्या एककात सांगणारे नियम) मांडले, त्यामुळे कारखान्याची सारी गुपिते न जाणताही चिप आखणे शक्य झाले. आराखड्याला पेटंटहून वेगळे संरक्षण देणारा कायदा अमेरिकेने १९८४ मध्ये केला. त्याची मुदत दहा वर्षे असून, अभ्यासासाठी चिप उलगडून पाहण्यास त्यात मुभा आहे.