पित्तावर खापर, दोषी पाचवी नस

घोडबंदर रोडला बस तासभर अडकली, दुपारचं जेवण टळलं, आणि घर गाठेस्तोवर डोक्याची एक बाजू ठणकायला लागली. मग मळमळ. मग कडू-पिवळी उलटी. त्यानंतर अंधार करून पडलं की हळूहळू उतार. ठाण्यात ज्याला विचाराल तो याचं एकच निदान सांगेल: पित्त झालंय. मग ॲसिडिटीची गोळी, कोकम सरबत, ‘उपाशी राहत जाऊ नकोस’ हा सल्ला (तेवढा मात्र बरोबर आहे), आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. आंतरराष्ट्रीय निकष सोपे आहेत. औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकणारी डोकेदुखी किमान पाच वेळा झालेली हवी. एका बाजूला असणं, ठणका मारणं, तीव्रता मध्यम किंवा त्याहून जास्त असणं, जिना चढल्यावर वाढणं, यांतल्या दोन गोष्टी हव्यात. आणि सोबत मळमळ-उलटी तरी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. निदान हकिगतीवरून होतं, स्कॅनवरून नाही. मात्र क्षणात कळस गाठणारी डोकेदुखी, ताप आणि आखडलेली मान, हातापायातलं बळ जाणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यांत वेळ न दवडता इस्पितळ गाठावं.

पित्ताखालोखाल बदनाम झालाय तो सायनस. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं सांगणारे २,९९१ जण तपासले, तर ८८ टक्के जणांची लक्षणं मायग्रेनच्या जातीची निघाली.

आता मूळ यंत्रणा. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना कळते ती त्याच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. ही खबर नेणारी नस म्हणजे ट्रायजेमिनल, कवटीतल्या बारा जोड्यांपैकी पाचवी. कपाळ, डोळा, गाल, जबडा, दात ही सगळी तिचीच हद्द. तिच्या पेशींचा गुच्छ कवटीच्या तळाशी असतो. मायकेल मॉस्कोविट्झ यांनी १९७९ मध्ये मांडलं की मायग्रेन हा नुसता रक्तवाहिन्या फुगण्याचा प्रकार नाही, या नसेची टोकंच तिथे रसायनं सोडतात. कुठलं रसायन, हे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखवलं. झटका चालू असताना त्यांनी रुग्णांच्या मानेतल्या शिरेतून आणि हातातल्या शिरेतून रक्त घेतलं. मानेच्या रक्तात सीजीआरपी नावाचं पेप्टाइड वाढलेलं होतं, हाताच्या रक्तात नव्हतं. म्हणजे उगम डोक्यातच. पुढे येस ओलेसन यांच्या गटाने उलट बाजूने परीक्षा घेतली: मायग्रेनच्या रुग्णांना सीजीआरपी शिरेतून दिलं, तर डोकं दुखायला लागलं. या चौघांना २०२१ चा ब्रेन प्राइझ हा मेंदू-संशोधनाचा पुरस्कार मिळाला.

सीजीआरपी म्हणजे ३७ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, आणि तिच्या जन्माची कथा मायग्रेनशी संबंध नसला तरी सांगण्यासारखी आहे. ज्या जनुकातून ती बनते त्यातूनच थायरॉइड ग्रंथीत कॅल्सिटोनिन हे हाडांच्या कॅल्शियमशी संबंधित संप्रेरक बनतं. जनुकाची आरएनए-प्रत तयार झाली की पेशी तिची काटछाट करते. थायरॉइडच्या पेशी पहिल्या तीन तुकड्यांना चौथा जोडतात, की झालं कॅल्सिटोनिन. नसेच्या पेशी चौथा वगळून पाचवा आणि सहावा जोडतात, की झालं सीजीआरपी. मजकूर एकच, संपादक दोन.

हे पेप्टाइड ड्युरा या बाहेरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या रुंदावतं आणि नसेला चिथावतं. नसेची ही पहिली पेशी चेकाळली की ती मेंदूच्या देठातल्या दुसऱ्या पेशीला सतत संदेश पाठवते, आणि तास-दोन तासांत ही दुसरी पेशी इतकी संवेदनशील होते की बाहेरून संदेश आला नाही तरी पेटलेलीच राहते. हे घरबसल्या ओळखता येतं. केसांतून कंगवा फिरवला तर दुखतं, चष्म्याची दांडी कानामागे टोचते, घट्ट बांधलेला आंबाडा सोडावासा वाटतो. कातडीला काहीही झालेलं नसतं, तरी साधा स्पर्श वेदना होऊन पोचतो. हा दुसऱ्या पेशींचा पट्टा मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरतो आणि मानेच्या नसाही तिथेच येऊन मिळतात, म्हणून झटक्याआधी किंवा झटक्यात मान दुखते आणि ‘स्पॉन्डिलायटिस’चा पट्टा गळ्यात पडतो.

आणि पोट? मेंदूच्या देठात जवळच मळमळ-उलटीची केंद्रं आहेत. तिथवर गडबड पोचली की जठराची हालचाल मंदावते, अन्न पुढे सरकत नाही. रिकाम्या पोटी ओकाऱ्या चालूच राहिल्या की लहान आतड्यातलं पित्त वर येतं. पिवळं पाणी हा झटक्याचा शेवट आहे, सुरुवात नाही.

मंदावलेलं जठर हेच गोळी ‘लागू न पडण्याचं’ एक मोठं कारण. गोळी पोटात पडून राहते. शोषण होतं ते लहान आतड्यात. म्हणून दुखणं सौम्य असतानाच, पहिल्या अर्ध्या तासात, पूर्ण मात्रा घ्यावी. प्रौढासाठी आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, नाहीतर पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिन ९०० ते १००० मिलिग्रॅम. हृदयासाठी देतात ती ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन इथे कामाची नाही. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड १० मिलिग्रॅम: उलटी थांबते आणि जठरही हलतं. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामक गोळ्यांनी उसळणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन मनाने घेऊ नयेत. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर त्या टाळून पॅरासिटामॉलच.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सुमाट्रिप्टान, ट्रिप्टान गटातलं खास मायग्रेनचं औषध. ते नसेच्या टोकातून सीजीआरपी सुटणं रोखतं, पण दुसरी पेशी स्वतःहून पेटल्यावर त्याचा फारसा इलाज चालत नाही. रामी बर्स्टीन यांच्या २००४ च्या अभ्यासात स्पर्श दुखायला लागण्याआधी ट्रिप्टान दिलं तेव्हा ९३ टक्के झटके पूर्ण थांबले, नंतर दिलं तेव्हा १५ टक्केच. रुग्ण फक्त ३१ होते, तरी फरक दांडगा आहे. ट्रिप्टान रक्तवाहिन्या आकसतं. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ते चालत नाही.

‘लवकर घ्या’ याचा अर्थ ‘रोज घ्या’ असा लावला की फसगत सुरू होते. ऐरोली-महापेच्या रात्रपाळ्यांत बॅगेच्या कप्प्यात गोळ्यांची पट्टी कायमची असते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान, अर्गोटामीन किंवा संयुक्त गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं की गोळीच डोकेदुखीचं कारण बनते. पाकिटामागचं वाचा: पॅरासिटामॉलसोबत कॅफीन लिहिलेलं असेल तर ती संयुक्त, मर्यादा दहाची. कालनिर्णयवर दुधाचा खाडा मांडतो तशी दुखल्याच्या दिवसाला एक खूण आणि गोळीच्या दिवसाला दुसरी करावी. मोजायचे दिवस, गोळ्या नव्हेत. अतिरेक थांबवल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढतं, बहुतेक जण तिथेच हार मानतात. ट्रामाडोलसारखी ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) असतील तर डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नयेत.

महिन्यात चार-पाच दिवस वाया जात असतील तर रोजचं प्रतिबंधक औषध: प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर नाही), ॲमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट (गरोदर राहण्याची शक्यता असेल तर नाही). पुरेशा मात्रेत दोन महिने घेतल्याशिवाय ‘उपयोग नाही’ म्हणू नये.

नवी औषधं थेट सीजीआरपीवर नेम धरतात. एरेन्युमॅब हे महिन्यातून एकदा कातडीखाली टोचायचं प्रतिपिंड सीजीआरपीचा रिसेप्टर, म्हणजे ते पेशीवर जिथे चिकटतं ती जागा, अडवतं. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं. इतका मोठा रेणू मेंदूत सहसा शिरत नाही, पण ट्रायजेमिनलचा पेशीगुच्छ रक्त-मेंदू अडसराच्या बाहेरच असल्याने शिरायची गरजही पडत नाही. ‘मायग्रेन संपला’ असे मथळे तेव्हा आले होते. प्रत्यक्षात २०१७ च्या मोठ्या चाचणीत १४० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ५० टक्के जणांचे मायग्रेनचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले. उरलेल्या निम्म्यांचे आले नाहीत. बद्धकोष्ठ होतो, काहींचा रक्तदाबही वाढतो.

त्याच चाचणीत औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकीही २६.६ टक्के जणांचे दिवस निम्म्यावर आले. सूर्योदयाआधी दूध-जिलेबी, मंतरलेला दोरा, कानाच्या विशिष्ट जागी भोक पाडणं, यांचे ‘माझं तर कायमचं गेलं’ म्हणणारे साक्षीदार कुठून येतात ते यावरून कळावं.