मृदा सर्वेक्षण आणि मृदा-नकाशे

एखाद्या प्रदेशात कोणती जमीन कुठून कुठपर्यंत आहे हे तपासून, तिचे वर्ग पाडून ते नकाशावर मांडणे म्हणजे मृदा सर्वेक्षण. नदीचा काठ किंवा रस्ता डोळ्यांना दिसतो. मातीची हद्द तशी दिसत नाही. एक माती संपून दुसरी लागते ती बहुधा हळूहळू, आणि जिच्यावरून ओळख पटायची ती थरांची रचना जमिनीखाली दडलेली असते. त्यामुळे मृदा-नकाशावरची रेष हा बहुतेक वेळा सर्वेक्षकाने काढलेला निष्कर्ष असतो.

तो काढता येतो, कारण माती वाटेल तिथे वाटेल तशी बनत नाही. रशियन शास्त्रज्ञ वसिली डोकुचायेव यांनी १८८३ मध्ये चेर्नोझेम या काळ्या मातीवरच्या ग्रंथात मूळ खडक, हवामान, सजीव, भूरूप आणि काळ यांच्या एकत्रित परिणामातून माती घडते असे मांडले; हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये या घटकांना समीकरणाचे रूप दिले. एकाच टेकडीवर खडक आणि हवामान पुष्कळदा सारखेच असते, बदलतो तो उतार. माथ्यावरची माती धुपून उथळ राहते, पायथ्याशी वाहून आलेला बारीक गाळ साचून ती खोल आणि ओलसर होते. पूर्व आफ्रिकेत काम करताना जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये या क्रमाला ‘कॅटेना’, म्हणजे साखळी, असे नाव दिले. उतार वाचता आला की निम्मे काम झाले.

म्हणून आधी हवाई छायाचित्रे, उपग्रह प्रतिमा आणि उंचीचे नकाशे पाहून कच्च्या हद्दी आखतात. मग गिरमिटाने जागोजाग माती वर काढून त्या पडताळतात आणि निवडक ठिकाणी दीड-दोन मीटर खोल खड्डा घेतात. खड्ड्याची एक बाजू सुरीने खरवडली की थर उघडे पडतात. ओलसर ढेकूळ मन्सेल रंगपुस्तिकेतील चौकटींशी ताडून रंग ठरवतात. करडी छटा आणि तांबूस ठिपके दिसले तर तिथे पाणी तुंबत असावे, असा कयास बांधतात. पोत हातानेच कळतो. चिमूटभर माती भिजवून, मळून अंगठा व तर्जनीमधून पट्टीसारखी दाबत न्यायची. अडीच सेंटीमीटर होण्याआधीच तुटली तर चिकणमाती कमी, पाचच्या पुढे टिकली तर भरपूर. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर फसफसली तर मातीत चुना आहे. पुढे प्रयोगशाळेत हे सगळे मोजले जातेच, पण मुरलेल्या सर्वेक्षकाची बोटे सहसा फार चुकत नाहीत.

वर्गीकरणाच्या दोन पद्धती मुख्य आहेत. अमेरिकी कृषी विभागाची पद्धत १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली; तिच्यात आज १२ गण असून गण या सर्वांत व्यापक वर्गापासून मृदाश्रेणी या सर्वांत बारीक वर्गापर्यंत सहा पायऱ्या आहेत. नावे जिभेला जड, पण उलगडता येणारी. ‘हॅप्लस्टर्ट’मधला शेवटचा ‘एर्ट’ व्हर्टिसॉल हा गण सांगतो, म्हणजे उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी चिकण जमीन; ‘उस्ट’ मर्यादित ओलाव्याचे हवामान, तर ‘हॅपल’ साधी घडण सुचवतो. दुसरी, १९९८ पासूनची आंतरराष्ट्रीय संदर्भ पद्धत, ३२ गटांची आहे. एकाच खड्ड्याला दोन्हींत वेगळी नावे मिळतात.

प्रमाणानुसार नकाशाचा अर्थ बदलतो. अन्न व कृषी संघटना आणि युनेस्को यांचा १९७१ ते १९८१ दरम्यान प्रसिद्ध झालेला जगाचा नकाशा ५० लाखांस एक या प्रमाणाचा आहे. त्यावरून शेताचा निर्णय घेऊ नये. १ : २४,००० प्रमाणावरही साधारण सव्वादोन हेक्टरांपेक्षा लहान तुकडा सुवाच्यपणे दाखवता येत नाही. म्हणून एका रंगाच्या पट्ट्यात दुसऱ्या मातीचे तुकडे मिसळलेले असतात. नकाशासोबतच्या अहवालात त्यांची नोंद असते. तो मात्र फारसा कुणी वाचत नाही.

आता संगणकीय पद्धतीत खड्ड्यांच्या नोंदी, उतार आणि उपग्रह माहिती यांतून जमिनीच्या प्रत्येक लहान चौकोनासाठी मातीचे भाकीत केले जाते. ‘सॉइलग्रिड्स’ या जागतिक नकाशाचा चौकोन २५० मीटरचा आहे. त्यात एका मातीपासून दुसरीपर्यंत ठळक रेष नसते, आणि भाकीत कितपत अनिश्चित आहे हेही प्रत्येक चौकोनासाठी दिलेले असते.