बर्फ, बुळकांडी आणि ‘पुढचा काळ’

आठवडी बाजारातून आणलेली बकरी वेगळी न बांधता थेट कळपात सोडली की काय होतं, हे विदर्भातल्या शेळीपालकाला ठाऊक आहे. आठवडाभरात नाकं वाहतात, तोंडात फोड येतात, मग हगवण लागते. ही शेळ्यांची बुळकांडी. सील या समुद्री सस्तन प्राण्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू हा याच बुळकांडीच्या विषाणूचा भाऊबंद. युरोपातल्या उत्तर समुद्राकाठी त्याने १९८८ साली सुमारे १८ हजार सील मारले, २००२ साली सुमारे ३० हजार. २००४ मध्ये तो पलीकडे पॅसिफिकच्या बाजूला, अमेरिकेतल्या अलास्काच्या पाणमांजरांत सापडला. मधला आर्क्टिक बर्फ तोवर कुंपणासारखा होता. रशियाच्या उत्तर किनाऱ्यालगत पाणी मोकळं झालं त्या वर्षांनंतर पॅसिफिकच्या बाजूला संसर्ग वाढलेला दिसतो, असं २००१ ते २०१६ च्या नमुन्यांवरून २०१९ मध्ये मांडलं गेलं. विषाणू नेमका कोणत्या प्राण्याने वाहून नेला, ते मात्र कुणी पाहिलेलं नाही.

रोग नसला तरी सीलला बर्फ लागतोच. रिंग्ड या जातीच्या सीलची मादी बर्फावर साचलेल्या हिमात पोकळी कोरून तिथे विते. पिल्लू जेमतेम साडेचार किलोचं, आणि त्याची पांढरी लव भिजली की ऊब संपली. हिम कमी पडलं किंवा अवेळी पाऊस झाला, तर छप्पर कोसळतं.

खरा घोळ झाला तो २०१२ च्या निर्णयात. अमेरिकेने रिंग्ड आणि मिशाळ बिअर्डेड सीलना ‘धोक्याच्या वाटेवर’ ठरवलं. हा धोका किती काळातला धरायचा, त्यासाठी कायद्यात शब्द आहेत ‘अंदाज बांधता येईल असा पुढचा काळ’. सरकारी जीवशास्त्रज्ञांनी तो शतकाअखेरपर्यंत धरला. तेल कंपन्यांच्या संघटना आणि खुद्द अलास्का राज्य कोर्टात गेले: सील लाखोंनी आहेत, आणि २०५० नंतरची बर्फाची गणितं म्हणजे तर्क. खालच्या कोर्टाने बिअर्डेडची नोंद २०१४ मध्ये रद्द केली, रिंग्डची २०१६ मध्ये. वरच्या कोर्टाने पहिली २०१६ मध्ये, दुसरी २०१८ मध्ये पुन्हा कायम केली. ‘लाखोंनी आहेत’ हा मुद्दा मुळातच लंगडा. शेजारच्या गावात बुळकांडी आली असताना आपल्या कोठ्यातली डोकी मोजून कोणी निर्धास्त राहत नाही. शिवाय बकरीला तिसऱ्या महिन्यानंतर लस टोचता येते, तरंगत्या बर्फावरच्या सीलला कोण टोचणार?

या वादात तब्येतीचा प्रश्न मागे पडला. २०११ मध्येच अलास्कात केस गळालेले, कातडीवर व्रण असलेले सील सापडत होते. केस बदलताना त्यांना बर्फावर पडून राहावं लागतं. कातडी गरम झाल्याशिवाय नवे केस धरत नाहीत. म्हणून बर्फाकडे बोट गेलं, पण कारण पक्कं झालं नाही. जून २०१८ पासून पुन्हा मेलेले सील किनाऱ्याला लागू लागले. निर्मनुष्य किनाऱ्यावर शव हाती येईपर्यंत बरेचदा सडलेलं असतं, आणि सडलेल्या फुफ्फुसाचा नमुना तपासणीला पाठवून काही हाती लागत नाही, मग ते सीलचं असो की बकरीचं.