बीपी विचारतात, शुगर विचारतात, पण बोलायला कोण आहे हे कोणी विचारत नाही

हार्टच्या डॉक्टरकडे गेलं की प्रश्न ठरलेले, तंबाखू खाता का, बीपी आहे का, घरात कुणाला अटॅक आलाय का. दिवसभरात किती माणसांशी बोलता हे सहसा कोणी विचारत नाही. खरंतर विचारायला पाहिजे. 2016 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब लावला तर दिसलं की जे एकाकी आहेत किंवा ज्यांचं कुणाशी फारसं येणंजाणं नाही, त्यांना हार्टच्या आजाराचा धोका 29 टक्के आणि स्ट्रोकचा 32 टक्के जास्त.

आता आपल्या नाशकात बघा, गंगापूर रोडला मोठा फ्लॅट, मुलगा पुण्यात नाहीतर अमेरिकेत, घरात दोघंच आणि मग कधीतरी एकच. पण एकटं राहणारा प्रत्येकजण एकाकी असतो असंही नाही हां, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज पहाटे राजकारणावर भांडणारे आजोबा घरी एकटे असले तरी मजेत असू शकतात, आणि सिडकोत सहा माणसांच्या घरातल्या काकूंशी कोणी धड चार शब्द बोलत नसेल तर त्या एकाकीच.

शरीरात होतं काय? माणूस टोळीने राहणारा प्राणी, एकटा पडला म्हंजे धोका हे शरीराला माहितीये. रात्री गल्लीत कुत्री भुंकायला लागली की आपण अर्धवट झोपेत कान टवकारून पडतो ना, शरीर तसंच महिनोन्महिने राहतं. कॉर्टिसॉल, ॲड्रेनालिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात, बीपी वर जातं, झोप तुटक होते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला बारीक सूज राहते, तिथे चरबीचा थर साचतो आणि तो थर फुटून वर गुठळी झाली की अटॅक. 2007 मध्ये अमेरिकेतले संशोधक स्टीव्ह कोल आणि त्यांच्या टीमला एकाकी लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सूज वाढवणारे जीन्स, म्हंजे जनुकं, जास्त ॲक्टिव्ह दिसले. माणसं फक्त 14 होती, म्हणून त्यावर फार उड्या मारू नयेत, पण नंतरच्या कामातही असंच चित्र दिसलं.

दुसरी बाजू एकदम साधी आहे आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. एकट्यासाठी कोण भाजी-पोळी करत बसणार, मग फरसाण आणि चहा, फिरायला जायचा कंटाळा, सिगरेट वाढते, गोळी राहून जाते. ब्रिटनमधल्या सुमारे 4.79 लाख लोकांच्या माहितीवर 2018 मध्ये एक अभ्यास आला, त्यात एकट्या पडलेल्यांना पहिल्या अटॅकचा धोका 43 टक्के जास्त दिसला, पण सिगरेट, व्यायाम, बीपी, उत्पन्न, डिप्रेशन असं सगळं हिशोबात धरल्यावर त्यातला बराचसा फरक गायब झाला! म्हंजे एकटेपणा बऱ्याचदा या नेहमीच्याच रस्त्यांनी हार्टपर्यंत पोचतो. शिवाय उलटंही होतं, आजारी माणूस घराबाहेर पडत नाही आणि म्हणून एकटा पडतो.

पण याच अभ्यासात ज्यांना अटॅक येऊन गेला होता त्यांच्यात हे सगळं वजा केल्यावरही, ज्यांचं कुणाकडे येणंजाणं नव्हतं त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्तच राहिला. यात मला नवल वाटत नाही, डिस्चार्जनंतर घरी आलं की गोळ्या वेळेवर घेतल्या का बघणारं, फॉलोअपला रिक्षा करून नेणारं, रात्री छातीत दुखलं तर उठवायला कोणीतरी लागतंच.

आणि गप्पांचा ग्रुप जॉइन केल्याने अटॅक टळतात याचा पक्का पुरावा अजून नाहीये, त्यामुळे कट्ट्यावर खुशाल जा, पण कट्ट्यावरच्या कोणी सांगितलं म्हणून बीपीची गोळी बंद करू नका.