करंजीतली खसखस आणि लघवीतलं मॉर्फिन

गणपती आटपले की आमच्या रत्नागिरीकडे बोटीवर जाणाऱ्या पोरांची जॉइनिंगची गडबड सुरू होते, मेडिकल, ब्लड, युरिन, ड्रग टेस्ट, आणि मग कोणीतरी हमखास विचारतो की करंज्या हाणल्यात, सारणात खसखस होती, टेस्टमध्ये अफू दाखवेल काय? हसण्यावारी नेऊ नका, प्रश्न रास्त आहे. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. बियांना बाहेरून बोंडाचा चीक लागलेला असतो आणि त्या चिकात मॉर्फिन नि कोडीन ही अफूतली द्रव्यं असतात. धुवून, भाजून, कुटून बरंच कमी होतं पण सगळं जातंच असं नाही. (आखातात जाणाऱ्यांनी तर खसखस बॅगेत टाकूच नये, यूएई आणि सौदीत तिच्यावर बंदी आहे, आईने कितीही प्रेमाने बांधून दिली तरी.) अमेरिकेत याच खसखशीपायी १९९८ मध्ये सरकारी ड्रग टेस्टची मर्यादा एका मिलीलीटरला ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २००० वर नेली. लघवी घेऊन तिथल्या तिथे निकाल दाखवणारे जे टेस्टचे कप बाजारात मिळतात, त्यातले बरेच मात्र अजून ३०० वालेच असतात.

आता हा कप काम कसा करतो ते बघा, कारण तो कोरोनाच्या किटच्या बरोब्बर उलटा आहे, रेघ दिसली तर निगेटिव्ह आणि नाही दिसली तर पॉझिटिव्ह! पट्टीवर रेघेच्या जागी मॉर्फिन आधीच चिकटवलेलं असतं आणि खालच्या टोकाला त्याला धरणाऱ्या रंगीत अँटिबॉडीज असतात. लघवी वर चढताना त्यांना सोबत नेते. लघवीत मॉर्फिन नसेल तर त्या अँटिबॉडीज रेघेवर जाऊन बसतात, रंग दिसतो. असेल तर त्या वाटेतच भरून जातात आणि रेघ कोरी राहते.

घोळ असा की अँटिबॉडी फक्त रेणूचा आकार ओळखते, नाव नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या साध्या अँटिबायोटिकने पण काही टेस्ट फसल्यात. आणि उलटंही होतं, फेंटानिल नावाचं वेदनाशामक मॉर्फिनपेक्षा शंभरेक पट जालीम पण ठेवण वेगळी, त्यामुळे मॉर्फिनच्या पट्टीला ते दिसतच नाही. ट्रामाडॉल, मेथाडोन या त्याच जातीच्या औषधांचंही तेच, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. म्हणजे कप फक्त संशय घेतो. निकाल द्यायचं काम लॅबचं.

लॅबमध्ये पहिली अडचण आपल्या लिव्हरची. मॉर्फिन बाहेर टाकायला लिव्हर त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं, लघवीत बहुतेक मॉर्फिन असं बांधलेलंच येतं, ते आधी सोडवून घ्यायला लागतं. त्यासाठी जे एन्झाइम वापरतात त्यातलं एक कुठून येतं माहितीये? युरोपच्या किनाऱ्यावर खडकाला चिकटून बसणाऱ्या, टोपीच्या आकाराच्या शंखवाल्या गोगलगायीपासून, पटेला व्हल्गाटा तिचं नाव. तिची भावंडं आपल्याकडच्या खडकांवर ओहोटीला कोणीही बघू शकतो, नखाने काढायला जा, नख तुटेल पण ती हलणार नाही. हल्ली बॅक्टेरियाकडून बनवून घेतलेली एन्झाइमंही भरपूर वापरतात.

मग सॅम्पल गाळून एलसी-एमएस-एमएस मशीनमध्ये. आधी एका बारीक नळीतून घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, मग त्यांचं वजन होतं. मॉर्फिन २८६ वर दिसतं. पण हायड्रोमॉर्फोन हे वेगळं औषध पण २८६ वरच दिसतं, मग काय करायचं? एक तर त्याची नळीतून बाहेर यायची वेळ वेगळी, आणि दुसरं म्हणजे मशीन रेणू फोडून तुकडे बघतं, मॉर्फिनचे २०१, १६५ असे तुकडे ठराविक प्रमाणात यायला हवेत. शिवाय प्रत्येक सॅम्पलमध्ये सुरुवातीलाच तीन हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (म्हणजे जड हायड्रोजन) घातलेलं जडसं मॉर्फिन मोजून टाकलेलं असतं, ते २८९ वर दिसतं, ते किती वाया गेलं त्यावरून खऱ्याचा हिशोब लावतात. मला विचाराल तर सगळ्यात डोकेबाज भाग हाच.

बरं, मॉर्फिन सापडलं, पण आलं कुठून? कोडीनचं खोकल्याचं सिरप घेतलं तरी शरीर त्यातल्या थोड्याचं मॉर्फिन करतं. हेरॉइन रक्तात काही मिनिटांतच मोडतं पण जाताना सिक्स-एएम नावाचा पदार्थ मागे ठेवतं, तो सिरपने किंवा खसखशीने येत नाही, सापडला की विषय संपला. फक्त लघवीत तो काही तासच टिकतो. खसखशीसोबत थेबाईन नावाचं अफूच्या चिकातलंच आणखी एक द्रव्य येतं, जे मॉर्फिनच्या इंजेक्शनमध्ये नसतं. पण कच्च्या अफूतही थेबाईन असतंच, तिथे मशीनचीही पंचाईत, मग किती नॅनोग्रॅम आणि त्या माणसाने काय काय घेतलं होतं हे डॉक्टरने बसून बघायचं.

तेव्हा टेस्टच्या आधी चार दिवस खसखस टाळा, चालू असलेल्या गोळ्या सॅम्पल देण्याआधी फॉर्मवर लिहा, आणि नुसता कप बघून कोणी जॉइनिंग थांबवत असेल तर लॅबच्या पक्क्या तपासणीचा, म्हणजे कन्फर्मेशनचा रिपोर्ट मागा, त्यात पदार्थाचं नाव आणि आकडा दोन्ही असायला हवेत. सॅम्पल घेताना दोन बाटल्या भरून सील करतात का तेही तिथेच विचारून घ्या, नंतर फेरतपासणी मागायची तर ती दुसरी बाटलीच लागते.